घरात कोणालाच नाही, तरी बाळाला थॅलेसेमिया कसा झाला?

सोलापूरच्या पूर्व भागात राहणाऱ्या एका तरुणीने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. तिच्या भावाच्या मुलाला आठव्या महिन्यात थॅलेसेमिया मेजर, म्हणजे शरीरात पुरेसे हिमोग्लोबिन तयार न होण्याचा रक्ताचा गंभीर आजार, असल्याचे निदान झाले. तिची वहिनी ही तिच्या सख्ख्या मामाचीच मुलगी. दोन्ही घरांत आजवर असा आजार कोणाला झालेला नाही, त्यामुळे दोष वहिनीच्या माथी मारला जात आहे. शेजारी डाऊन सिंड्रोम (जन्मतःच बौद्धिक वाढ मंदावणारी स्थिती) असलेला एक मुलगा आहे आणि तोही आजार 'रक्तातूनच आलेला' असे सगळे म्हणतात. हे दोन्ही आजार एकाच प्रकारचे आहेत का, वहिनीच्या पुढच्या बाळालाही हेच होणार का, आणि स्वतःचे लग्न जमत असताना आपण काय करावे, असे तिने विचारले आहे.

सोलापुरात बालरोगतज्ज्ञ म्हणून काम करताना 'आमच्या घराण्यात असे कोणीच नाही' हे वाक्य मी जितक्या वेळा ऐकले आहे, तितके क्वचितच दुसरे कोणते ऐकले असेल. ते खरे असते, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष बहुतेक वेळा चुकीचा असतो. म्हणून सर्वांत आधी वहिनींविषयी सांगतो. थॅलेसेमिया मेजर होण्यासाठी सदोष जनुकाच्या दोन प्रती लागतात, एक आईकडून आणि एक वडिलांकडून. बाळाला हा आजार आहे, याचाच अर्थ तुमच्या भावानेही अगदी तेवढाच वाटा दिलेला आहे. गरोदरपणात वहिनींनी काय खाल्ले, ग्रहणात काय चिरले, जिने किती चढले, यांपैकी कशाचाही या आजाराशी संबंध नाही. ही गोष्ट घरातल्या मोठ्यांसमोर, वहिनी तिथे बसलेल्या असताना, एकदा स्पष्टपणे बोलली गेली पाहिजे. घरच्यांना तुमचे पटत नसेल, तर त्यांना डॉक्टरांकडे सोबत घेऊन जा आणि त्यांच्या तोंडून ऐकवा.

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. आपल्या शरीरातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीच्या केंद्रकात ४६ गुणसूत्रे असतात. त्यांच्या २३ जोड्या होतात आणि प्रत्येक जोडीतले एक गुणसूत्र आईकडून, तर दुसरे वडिलांकडून आलेले असते. हा ४६ चा आकडा निश्चित झाला तो १९५६ साली. त्याआधी कित्येक वर्षे तो ४८ मानला जात होता. प्रत्येक गुणसूत्र म्हणजे डीएनएचा एक अतिशय लांब धागा असतो आणि त्या धाग्यावरचे ठरावीक पट्टे म्हणजे जनुके. प्रथिने तयार करण्याच्या सूचना देणारी अशी सुमारे २०,००० जनुके माणसात आहेत. ही सूचना ए, टी, जी आणि सी या चार रासायनिक अक्षरांत लिहिलेली असते. गुणसूत्रांच्या एका संचात अशी सुमारे ३०० कोटी अक्षरे असतात.

यावरून बिघाडाचे दोन अगदी वेगळे प्रकार लक्षात येतात. पहिल्या प्रकारात गुणसूत्रांची संख्या किंवा रचनाच चुकते, म्हणजे शेकडो जनुके एकदम जास्त किंवा कमी होतात. दुसऱ्या प्रकारात ४६ गुणसूत्रे जागच्या जागी असतात, सूक्ष्मदर्शकाखाली काहीही वावगे दिसत नाही, मात्र एखाद्याच जनुकात एक-दोन अक्षरे बदललेली किंवा गळालेली असतात. सोलापुरी चादर विणताना जकार्डवर, म्हणजे मागावर नक्षी पाडणाऱ्या यंत्रावर, चढवलेल्या पुठ्ठ्यांतल्या एका पुठ्ठ्यावर एकच छिद्र चुकले, तर माग उत्तम चालतो, सूत चांगले असते, तरीही प्रत्येक चादरीत त्याच जागी नक्षी बिघडते. जनुकातल्या अशा बदलाचे, म्हणजे उत्परिवर्तनाचे, तसेच आहे. शेजारच्या मुलाचा डाऊन सिंड्रोम पहिल्या प्रकारातला आहे, तर तुमच्या भाच्याचा थॅलेसेमिया दुसऱ्या. दोघांना 'आनुवंशिक' हा एकच शब्द लावला, की पुढच्या बाळाविषयीचे सगळे हिशेब चुकतात.

थॅलेसेमियाचे जनुक ११व्या गुणसूत्रावर असते. हिमोग्लोबिनमधली बीटा साखळी तयार करणे हे त्याचे काम. या जनुकात आजार घडवणारे २०० हून अधिक वेगवेगळे बदल जगभरात नोंदलेले आहेत. भारतात सर्वांत जास्त आढळणारा बदल आयव्हीएस १-५ या नावाने ओळखला जातो आणि त्यात एका ठरावीक जागी जी या अक्षराऐवजी सी हे अक्षर आलेले असते. एवढ्याशा फरकामुळे जनुकाचा संदेश नीट जोडला जात नाही आणि बीटा साखळी फारच थोडी तयार होते. एक प्रत चांगली असेल तर तिच्या जोरावर शरीर भागवून नेते. अशा व्यक्तीला वाहक किंवा थॅलेसेमिया मायनर म्हणतात आणि ती आयुष्यभर धडधाकट राहू शकते. दोन्ही प्रती सदोष असतील तर मात्र रक्त चढवल्याशिवाय मूल तग धरू शकत नाही.

'जन्मला तेव्हा तर बाळ चांगले गुटगुटीत होते' असे तुम्ही लिहिले आहे, त्याचेही कारण आहे. गर्भात आणि जन्मानंतरचे पहिले काही महिने बाळाच्या रक्तात गर्भावस्थेतले वेगळे हिमोग्लोबिन असते आणि त्याला बीटा साखळी लागत नाही. साधारण सहाव्या महिन्यापर्यंत ते ओसरते आणि बीटा साखळीची गरज भासू लागते. म्हणून बाळ पांढुरके पडणे, दूध कमी पिणे, प्लीहा वाढल्याने पोट मोठे दिसणे ही लक्षणे पहिल्या वर्षाच्या उत्तरार्धात दिसू लागतात. मधल्या काळात दिलेली लस, बदललेले दूध किंवा झालेला ताप यांच्यावर संशय जातो, पण आजार गर्भधारणेच्या क्षणीच ठरलेला असतो.

मग हे जनुक कुठून आले? तुमच्या घरापुरते बोलायचे, तर तुमच्या आजोळच्या आजी-आजोबांपैकी एक जण वाहक असावेत, अशी शक्यता सर्वांत जास्त आहे. त्यांच्याकडून ती सदोष प्रत तुमच्या आईकडे गेली आणि तीच मामांकडेही गेली. आईकडून ती तुमच्या भावाला मिळाली, मामांकडून वहिनींना. या चौघांपैकी प्रत्येकाची दुसरी प्रत चांगली असल्यामुळे कोणीच आजारी पडले नाही आणि दोन पिढ्यांत कोणाला कसला संशयही आला नाही. भाऊ आणि वहिनी यांच्या मुलात त्या एकाच जुन्या प्रतीच्या दोन नकला पहिल्यांदा समोरासमोर आल्या. भारतात एकंदरीत १०० पैकी सुमारे ३ ते ४ माणसे बीटा थॅलेसेमियाची वाहक असतात, पण वाहकाच्या सख्ख्या मामेबहिणीला त्याच घराण्यातून तेच जनुक मिळालेले असण्याची शक्यता ८ मध्ये १ इतकी असते. मामा-भाचीच्या लग्नात ती आणखी वाढते, कारण सख्खी मामेभावंडे १/८ जनुके वाटून घेतात, तर मामा आणि भाची १/४.

इथे गोत्राविषयी बोलणे भाग आहे. आपल्या सोलापूर भागात मराठी, कानडी आणि तेलुगू बोलणाऱ्या अनेक समाजांत मामाची मुलगी करणे ही मानाची आणि जिव्हाळ्याची रीत आहे, आणि गोत्र वेगळे असल्यामुळे ते रक्ताचे नाते धरलेच जात नाही. पण गोत्र फक्त वडिलांच्या बाजूने मोजले जाते, जनुके मात्र दोन्ही बाजूंनी सारखीच येतात. म्हणून मी या रीतीला नावे ठेवत नाही, पण तिचा हिशेब स्पष्टपणे सांगतो. कोणत्याही जोडप्याच्या बाळात जन्मतः गंभीर दोष असण्याची शक्यता साधारण २ ते ३ टक्के असते. सख्ख्या मामे-आतेभावंडांच्या लग्नात ती अंदाजे दुप्पट होते. याचा अर्थ अशा लग्नांतली बहुतेक मुले निरोगीच जन्मतात. आणि नात्याबाहेर लग्न केले की थॅलेसेमिया टळतो, असेही नाही, कारण दोन अनोळखी वाहकांचे लग्न झाले तरी त्यांच्या बाळाला धोका तितकाच असतो. नवरा-बायकोचा रक्तगट एकच असणे, ज्याची लग्नाआधी फार चर्चा होते, त्याचा मात्र या आजाराशी काडीचाही संबंध नाही.

पुढच्या बाळाबद्दल सांगायचे तर, दोघेही वाहक असल्यावर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता ४ मध्ये १, बाळ केवळ वाहक असण्याची ४ मध्ये २ आणि पूर्णपणे मोकळे असण्याची ४ मध्ये १ असते. 'एकाला झाला, आता पुढची तिघे चांगली होणार' ही समजूत मी सुशिक्षित घरांतही ऐकतो आणि ती धोक्याची आहे. पहिल्या बाळात काय झाले याचा दुसऱ्या बाळाच्या वाट्याशी काहीच संबंध नसतो. प्रत्येक वेळी डाव नव्याने पडतो.

आता शेजारच्या मुलाकडे वळू. डाऊन सिंड्रोममध्ये २१व्या गुणसूत्राच्या दोनऐवजी तीन प्रती असतात. हे १९५९ साली समजले. अशा १०० पैकी सुमारे ९५ मुलांत हा अपघात बीजपेशी तयार होताना, जोडीतली दोन गुणसूत्रे वेगळी न झाल्यामुळे घडतो, आणि तो बहुतांशी स्त्रीबीजात घडतो. मुलगी आईच्या पोटात असतानाच तिची सगळी स्त्रीबीजे अर्धवट विभागलेल्या अवस्थेत थांबलेली असतात आणि ती विभागणी पुढे कित्येक वर्षांनी पूर्ण होते. जितका काळ जास्त, तितकी चुकीची शक्यता जास्त. म्हणून आईचे वय ३५ असेल तर ही शक्यता सुमारे ३५० मध्ये १ आणि ४० व्या वर्षी सुमारे १०० मध्ये १ होते. तरीही डाऊन सिंड्रोमची बहुतेक मुले तरुण मातांनाच होतात, कारण बाळंतपणेच त्या वयात जास्त होतात. यात आईवडिलांची स्वतःची गुणसूत्रे निर्दोष असतात आणि घराण्याचा किंवा नात्यातल्या लग्नाचा प्रश्न येत नाही. तरुण आईच्या पुढच्या बाळाला हा दोष असण्याची शक्यता साधारण १ टक्का असते.

पण १०० पैकी ३ ते ४ मुलांत तिसरे २१वे गुणसूत्र सुटे नसून दुसऱ्या एखाद्या गुणसूत्राला, बहुधा १४व्याला, चिकटलेले असते. त्यांतल्या काहींचे आई किंवा वडील स्वतः निरोगी असूनही अशी जोडलेली रचना बाळगून असतात. आई तशी असेल तर पुढच्या प्रत्येक बाळाला १० ते १५ टक्के धोका संभवतो, आणि तो मावशी-मामांच्या घरापर्यंतही पोहोचू शकतो. म्हणून चेहऱ्यावरून निदान स्पष्ट असले तरी त्या मुलाची कॅरिओटाइप, म्हणजे गुणसूत्रांची तपासणी, केलीच पाहिजे, असा माझा आग्रह असतो. पुष्कळ पालक म्हणतात, 'निदान तर झाले, आता आणखी खर्च कशाला?' हा खर्च त्या मुलासाठी नसून त्याच्या पाठच्या भावंडांसाठी आणि आईच्या बहिणींसाठी असतो.

काही आजारांत जनुक एक्स गुणसूत्रावर असते. मुलीला दोन एक्स असतात, म्हणून एक बिघडला तरी बहुधा दुसरा सांभाळून घेतो. मुलाला एकच एक्स असतो आणि तो आईकडूनच येतो. हिमोफिलिया (रक्त नीट न गोठणे) आणि डुशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी (स्नायू हळूहळू दुबळे होत जाणे) हे यातले दोन आजार. डुशेन असलेला चार-पाच वर्षांचा मुलगा जमिनीवरून कसा उठतो ते एकदा पाहिले की विसरता येत नाही. तो आधी पालथा होतो, हातापायांवर येतो, मग एक हात गुडघ्यावर, दुसरा मांडीवर ठेवत स्वतःच्याच अंगावर हात टेकत चढल्यासारखा उभा राहतो. पोटऱ्या मात्र भरदार दिसतात, त्यामुळे 'पायांत ताकद आहे, आळशी आहे' असे म्हणून वर्ष-दोन वर्षे निघून जातात. असा मुलगा दिसला तर सीके ही स्नायूंची झीज दाखवणारी साधी रक्ततपासणी लगेच करून घ्यावी. या आजाराचे जनुक माणसातल्या सर्वांत मोठ्या जनुकांपैकी आहे, त्याचे ७९ तुकडे असतात, आणि बहुतांश रुग्णांत त्यांतले एक किंवा अधिक तुकडे गळालेले सापडतात.

आणि सुमारे एक तृतीयांश मुलांत डुशेनचा हा बदल आईतही नसतो. तो त्या मुलातच प्रथम घडलेला असतो. याला नवे उत्परिवर्तन म्हणतात. बुटकेपणाच्या अकोंड्रोप्लेझिया या आजारात तर १० पैकी ८ मुलांचे आईवडील नेहमीच्या उंचीचे असतात आणि तो बदल बहुधा वडिलांच्या शुक्रपेशीत, त्यांच्या वाढत्या वयाबरोबर वाढत्या शक्यतेने, घडलेला असतो. म्हणजे 'घरात कोणालाच नाही' या एकाच वाक्यामागे चार निरनिराळी कारणे असू शकतात: दोघेही लपलेले वाहक, गुणसूत्रांच्या संख्येत झालेला अपघात, आईच्या एक्सवरचा बदल, किंवा पूर्णपणे नवा बदल. त्यानुसार पुढच्या बाळाचा धोका २५ टक्के असू शकतो किंवा जवळजवळ शून्यही. कारण शोधल्याशिवाय 'पुढचे बाळ चांगले होईल' असे कोणी म्हणाले, तर तो धीर देण्यापुरताच शब्द समजावा.

आता तुमच्या घराने नेमके काय करावे ते सांगतो. भाऊ आणि वहिनी या दोघांच्या रक्ताची जनुकीय तपासणी पुढच्या गरोदरपणाच्या आधीच करून घ्यावी, म्हणजे कोणता बदल आहे तो नोंदला जाईल. दोघांत एकच बदल सापडला तर सामाईक पूर्वजाचा अंदाज बळकट होईल. दोन वेगळे निघाले तर नात्यातल्या लग्नाला दोष देण्याचे कारणच उरणार नाही. बाळाला रक्त चढवले असेल तर त्यानंतर सुमारे तीन महिने त्याची एचपीएलसी, म्हणजे रक्तातल्या हिमोग्लोबिनचे प्रकार मोजणारी, तपासणी भरवशाची नसते, कारण त्यात रक्तदात्याचे हिमोग्लोबिन दिसते. आईवडिलांची तपासणी मात्र कधीही करता येते. या तपासण्यांसाठी परळच्या केईएम रुग्णालयाच्या आवारातली आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) रक्तविज्ञान संस्था आणि हैदराबादची सीडीएफडी ही डीएनए तपासणारी संस्था ही दोन जाणती ठिकाणे आहेत, आणि सिद्धेश्वर एक्स्प्रेसने रात्री निघाले की सकाळी मुंबईत पोहोचता येते.

वहिनींना दिवस गेले तर पाळी चुकताच डॉक्टरांना सांगावे, कारण ११ ते १३ आठवड्यांत वारेचा सूक्ष्म तुकडा घेऊन गर्भाचे जनुक तपासता येते. ती वेळ हुकली तर १६व्या आठवड्याच्या सुमारास गर्भजलाची तपासणी करता येते. डबल मार्कर किंवा सोनोग्राफी नॉर्मल आली म्हणून निश्चिंत राहू नये, कारण डबल मार्कर डाऊन सिंड्रोमसारख्या संख्येच्या दोषांची चाळणी करते आणि बीटा थॅलेसेमिया सोनोग्राफीत दिसत नाही. १९९४ च्या पीसीपीएनडीटी, म्हणजे गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या, कायद्यानुसार या तपासण्या नोंदणीकृत केंद्रातच होतात आणि गर्भाचे लिंग सांगितले जात नाही. थॅलेसेमियासारख्या रक्तदोषांसाठी त्या करण्यास कायद्याची पूर्ण मुभा आहे. निकाल काहीही आला तरी पुढचा निर्णय त्या दोघांचा असावा, सासू-सासऱ्यांचा नव्हे.

भाच्याविषयी एवढेच, की नियमित रक्त, शरीरात साचणारे लोह बाहेर काढणारे औषध आणि वेळच्या वेळी फेरिटिनची, म्हणजे लोहाच्या साठ्याची, तपासणी हे सांभाळले तर अशी मुले शिकतात, नोकरी करतात, संसारही करतात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात थॅलेसेमियाचा समावेश आहे, म्हणून प्रमाणपत्रासाठी सिव्हिलमध्ये अर्ज करावा. अस्थिमज्जा प्रत्यारोपणाने आजार कायमचा बरा होऊ शकतो आणि सख्ख्या भावंडाशी पूर्ण जुळणी होण्याची शक्यता ४ मध्ये १ असते.

राहिला तुमचा प्रश्न. तुमचा भाऊ वाहक आहे, म्हणून तुम्ही वाहक असण्याची शक्यता निम्मी आहे. सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि एचपीएलसी या दोन तपासण्या आताच करून घ्या. वाहकाचा अहवाल बहुधा असा दिसतो: हिमोग्लोबिन ११, तांबड्या पेशी मात्र ५८ लाख, म्हणजे कमी नव्हे तर जास्तच, आणि पेशींचा सरासरी आकार, ज्याला एमसीव्ही म्हणतात, ८० च्या वर असायचा तो ६२. लोहाच्या कमतरतेतही आकार घटतो, पण पेशींची संख्या सहसा अशी वाढत नाही. या फरकाकडे लक्ष न गेल्यामुळे कित्येक वाहक मुली वर्षानुवर्षे लोहाच्या गोळ्या खात राहतात. एचपीएलसीमध्ये एचबीए२ या हिमोग्लोबिनच्या प्रकाराचे प्रमाण ३.५ टक्क्यांहून जास्त आले तर निदान जवळजवळ पक्के होते. फक्त त्या वेळी लोह खूपच कमी असेल तर हा आकडा खाली येऊ शकतो, म्हणून फेरिटिनही सोबत पाहावे.

तुम्ही वाहक नसाल तर तुमच्या मुलांपुरता हा विषय संपला. वाहक निघालात, तर मुलाकडच्यांना मोकळेपणाने सांगा आणि मुलाची तीच तपासणी करा. तो वाहक नसेल तर तुमच्या कोणत्याही बाळाला थॅलेसेमिया मेजर होण्याची भीती राहत नाही, आणि अशा लग्नाला वैद्यकीय कारणाने कोणीही हरकत घेऊ नये. तुमच्या आईची, मावश्यांची आणि मामांच्या इतर मुलांचीही हीच तपासणी व्हायला हवी, विशेषतः ज्यांची लग्ने व्हायची आहेत किंवा ज्यांच्या घरी पाळणा हलायचा आहे त्यांची. सुरुवात आईपासून करा, कारण तिचा अहवाल आला की आजोळच्या बाजूने कोणाकोणाला बोलवायचे ते लगेच ठरवता येईल.